एकाच मतपत्रिकेवर तीन वेगळे आकडे: सॅन फ्रान्सिस्कोच्या स्कूल बोर्डाविषयी तुमचे प्रश्न

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी आपल्या स्कूल बोर्डाच्या तीन सदस्यांना मुदत संपण्याआधीच घरी पाठवलं. अॅलिसन कॉलिन्स यांना काढा असं म्हणणारे सुमारे ७६ टक्के होते, गॅब्रिएला लोपेझ यांच्याबाबत ७२ टक्के आणि फाऊगा मोलिगा यांच्याबाबत ६९ टक्के. या मतदानाबद्दल वाचकांची बरीच पत्रं आली. काही पालकांची आहेत, काही शिक्षकांची, काही केवळ कुतूहलापोटी. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे घेतो आहे.

‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपला जिल्हा का? आणि शाळांच्या कारभारासाठी लोकांनी मतदान कशाला करायचं? ते शिक्षणखात्याचं काम नाही का? (ठाणे)

आपल्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेत स्कूल डिस्ट्रिक्ट ही शाळा चालवण्यापुरती वेगळी स्थानिक संस्था असते. तिची हद्द वेगळी, अंदाजपत्रक वेगळं, कर्ज काढण्याचा अधिकारही वेगळा. सॅन फ्रान्सिस्कोत ही हद्द आणि शहराची हद्द एकच आहे. लॉस एंजेलिसमध्ये तसं नाही. तिथला डिस्ट्रिक्ट न्यूयॉर्कनंतर देशातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा, आणि त्यात शेजारची कितीतरी छोटी शहरंही येतात.

सॅन फ्रान्सिस्कोत साधारण ५० हजार विद्यार्थी आणि सात जणांचं बोर्ड आहे. सदस्य चार वर्षांसाठी निवडून येतात, तेही प्रभागातून नव्हे तर सगळ्या शहरातून. मानधन महिना ५०० डॉलर. रोजचा कारभार सुपरिंटेंडंट बघतो, पण त्याला नेमायचं आणि काढायचं काम बोर्डाचं. आपल्याकडे महानगरपालिकांची शिक्षण मंडळं होती, त्यांचे सदस्य नगरसेवक निवडून देत. इथे मतदार थेट निवडतो, आणि कॅलिफोर्नियात तोच मतदार पुरेशा सह्या जमवून मध्येच परत बोलावूही शकतो. रिकॉल म्हणतात ते हेच.

शाळांची नावं बदलायला निघाले म्हणून लोक एवढे चिडले? मी तीस वर्षं शिकवलं. नावावरून पालक शाळेत भांडायला आलेले मला आठवत नाहीत. प्रवेशावरून आणि परीक्षेवरून मात्र रोज येत. (पुणे)

बाई, तुमचा अनुभव इथेही लागू पडतो. राग नुसत्या नावांचा नव्हता, नावं कधी बदलायला घेतली याचा होता.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. शहरातल्या खासगी शाळा त्याच वर्षी एकेक करून उघडू लागल्या. सरकारी शाळांतली मुलं मात्र घरात पडद्यासमोर बसून राहिली. २०२१ च्या जानेवारीअखेर बोर्डानं ४४ शाळांची नावं बदलायचा ठराव ६ विरुद्ध १ मतांनी मंजूर केला. शाळांना कुलपं होती आणि त्यांच्या पाट्यांवर बैठका चालल्या होत्या. पुढच्या महिन्यात खुद्द शहराच्या वकिलांनी शाळा उघडाव्यात म्हणून आपल्याच शहराच्या स्कूल डिस्ट्रिक्टवर दावा ठोकला, यावरून प्रकरण किती ताणलं होतं ते दिसतं. प्राथमिकची मुलं एप्रिल २०२१ मध्ये वर्गात यायला लागली. माध्यमिकची बहुतेक मुलं ऑगस्टपर्यंत घरीच होती.

नावं बदलण्याची कल्पनाच पोरकट होती, असं मात्र मी म्हणणार नाही. महाराष्ट्रातल्या माणसानं तर ते मुळीच म्हणू नये. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार व्हायला १९९४ उजाडलं. मधल्या सोळा वर्षांत लोकांनी घरं गमावली, जीव गमावले. नाव म्हणजे मान असतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गुलामांचे मालक असलेल्यांची नावं शाळांना नकोत, असं एखाद्या कृष्णवर्णीय आईला वाटलं तर ते मला पूर्ण समजतं.

पण ज्या कामात इतकी वेदना आहे ते काम तितक्याच काळजीनं करायला हवं होतं, आणि ती काळजी घेतली गेली नाही. यादी करणाऱ्या समितीनं इतिहासकारांचा सल्ला घेतलाच नाही. स्वातंत्र्ययुद्धातला पॉल रिव्हिअर यादीत आला तो पेनॉब्स्कॉट नावाच्या मोहिमेमुळे. ती मोहीम ब्रिटिशांविरुद्ध होती. समितीनं ती त्या नावाच्या आदिवासींविरुद्धची समजली. अब्राहम लिंकनही यादीत होते, आणि तेव्हा हयात असलेल्या सिनेटर डायअॅन फाइनस्टाइनही. एप्रिलमध्ये बोर्डानं ठराव मागे घेतला. तोवर पालकांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती: आपलं मूल यांच्या यादीत शेवटी आहे.

त्याच फेब्रुवारीत आणखी दोन गोष्टी घडल्या. पालकांच्या सल्लागार गटात एका समलिंगी गोऱ्या वडिलांना घ्यायचं की नाही यावर बोर्डाची बैठक दोन तास चालली, आणि शेवटी त्यांना घेतलंच नाही. हे पालकांनी ऑनलाइन बसून पाहिलं. दुसरी गोष्ट लोवेल हायस्कूलची. १८५६ पासूनची ही शाळा, गुणांवर प्रवेश देणारी, निम्म्याहून जास्त मुलं आशियाई वंशाची आणि कृष्णवर्णीय अगदी थोडी. बोर्डानं गुणांची पद्धत बंद करून सोडत लावली. तुम्ही म्हणता तो प्रवेशाचा प्रश्न इथे आला. मार्चमध्ये कॉलिन्स यांचे २०१६ चे ट्वीट बाहेर आले. आशियाई अमेरिकन लोक पुढे जाण्यासाठी गोऱ्यांच्या वर्चस्ववादी विचाराचा आधार घेतात, असा त्यांचा सूर होता. बोर्डानं ५ विरुद्ध २ मतांनी त्यांचं उपाध्यक्षपद काढलं. त्यांनी डिस्ट्रिक्टवर आणि त्या पाच सहकाऱ्यांवर ८ कोटी ७० लाख डॉलरचा दावा लावला. तो कोर्टानं फेटाळला. पण डिस्ट्रिक्टचं अंदाजपत्रक तुटीत असताना बोर्डाच्याच सदस्यानं एवढी रक्कम मागावी, हे लोक विसरले नाहीत.

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या निकालाचा अर्थ ‘सॅन फ्रान्सिस्कोसुद्धा उजवीकडे वळलं’ असा लावला जातो. माझा भाऊ नेमका उलट म्हणतो, की मूठभर लोकांनी मतदान केलं, त्याला काही अर्थ नाही. कोण बरोबर? (एडिसन, न्यू जर्सी)

दोघंही नाहीत, आणि दोघांनाही तेच आकडे दाखवता येतील.

आधी तुमच्या ग्रुपचं बघू. या मतदानाच्या पाचच महिने आधी, सप्टेंबर २०२१ मध्ये, गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांना परत बोलावण्यावर राज्यभर मतदान झालं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे ८६ टक्के लोकांनी ‘काढू नका’ असं मत दिलं. त्याआधीच्या नोव्हेंबरात इथल्या ८५ टक्के मतदारांनी बायडन यांना मत दिलं होतं. पाच महिन्यांत शहराची विचारसरणी उलटीपालटी होत नाही. रिकॉलला पाठिंबा देणाऱ्या महापौर लंडन ब्रीडही डेमोक्रॅटच होत्या. जून २०२२ मध्ये याच शहरानं सरकारी वकील चेसा बुडीन यांना काढलं, पण तिथे आकडा सुमारे ५५ टक्के होता. तीन रिकॉल, तीन वेगळे निकाल. सगळ्यांना एका माळेत ओवणाऱ्यानं आकडे नीट वाचले नाहीत एवढंच म्हणता येईल.

आणि एकाच मतपत्रिकेवरचे तीन आकडे बघा, कारण मला सगळ्यात बोलका पुरावा तोच वाटतो. कॉलिन्स आणि मोलिगा यांच्यात सात टक्क्यांचं अंतर आहे. डोळे मिटून ‘सगळ्यांना घालवा’ म्हणणाऱ्या मतदारानं तिन्ही प्रश्नांवर एकच खूण केली असती आणि तिन्ही आकडे जवळपास सारखे आले असते. इथे हजारो लोक दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर थांबले. मोलिगा यांनी कॉलिन्स यांना पदावरून काढायच्या बाजूनं मत दिलं होतं आणि त्यांच्या वागण्या-बोलण्यावरून वाद झाले नव्हते. तरी ते गेले, आणि दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी गेले. म्हणजे माणसामाणसांत फरक करूनही बोर्डाच्या एकूण कारभारावर बहुसंख्यांचं मत ठाम होतं. शाळा बंद असताना तुम्ही कुठे होतात, हा प्रश्न तिघांनाही सारखाच लागू होता.

आता तुमच्या भावाचं. मतदान ३६ टक्के झालं, पाच लाखांच्या आसपास नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे एक लाख ऐंशी हजार. अध्यक्षीय निवडणुकीत इथे ८६ टक्के झालं होतं, त्यापुढे हे कमी दिसतं. पण स्कूल बोर्डाच्या स्वतंत्र निवडणुकांची सवय बघा. लॉस एंजेलिसमध्ये २०१७ साली बोर्डाच्या निवडणुकीला दहा टक्क्यांच्या आसपास लोक आले होते. फेब्रुवारीतला एक मंगळवार, वर कुठलंही मोठं नाव नाही, आणि तरी तिघांतला एक मतदार सहभागी झाला. सगळ्यांना घरपोच मतपत्रिका आली होती याचा त्यात मोठा वाटा आहे. पण घरी आलेला लिफाफा उघडून परत पाठवायलाही काहीतरी वाटावं लागतं.

गुप्त मतदान असताना ‘चिनी वंशाच्या मतदारांनी पाडलं’ हे बातमीदारांना कळतं कसं? मी संख्याशास्त्र शिकते, म्हणून विचारते. (सांगली)

तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

कॅलिफोर्नियात निकाल प्रीसिंक्टवार, म्हणजे आपल्या भाषेत मतदान केंद्रवार, जाहीर होतो. शहराच्या पश्चिमेकडचे सनसेट आणि रिचमंड हे भाग बघितले, जिथे आशियाई कुटुंबं आणि स्वतःच्या घरात राहणारे पालक जास्त, तर रिकॉलच्या बाजूनं फार मोठं मतदान दिसतं. मिशन, हेट, बर्नल हाइट्स या भागांत पाठिंबा कमी. एवढं खात्रीनं सांगता येतं. त्यापुढची उडी, म्हणजे ‘या भागात चिनी वंशाचे लोक जास्त, म्हणून हे मत त्यांचंच’, ती मात्र तुम्हाला वर्गात शिकवलेली जुनी चूक आहे. भागाचा गुण त्या भागातल्या प्रत्येक माणसाला चिकटवता येत नाही. सनसेटमधले आयरिश वंशाचे आजोबा आणि त्यांच्या शेजारची व्हिएतनामी आई यांची मतं त्याच आकड्यात मिसळलेली आहेत.

तरी इथे तो अंदाज पोकळ नाही. मतदानाच्या आधी महिनोन् महिने चिनी भाषेतली पत्रकं, चिनी रेडिओवरची चर्चा, बाजारात टेबल टाकून नवमतदारांची नोंदणी हे सगळं उघड चाललं होतं. लोवेलचा प्रश्न आणि ते ट्वीट त्यांच्या घरापर्यंत पोचले होते. आकडा आणि रस्त्यावरची हालचाल एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर अंदाज बांधावा, पण तो ‘अंदाज’ म्हणूनच लिहावा. मला खटकतं ते याचं दुसरं टोक. जवळपास प्रत्येक भागात रिकॉलला बहुमत मिळालं असताना सगळं श्रेय किंवा सगळा दोष एका समाजावर टाकला की बाकीच्या शहराला आपण त्या प्रश्नातून मोकळं करतो.

एवढा खर्च कुणी केला? शेवटी पैसेवाल्यांनीच निवडणूक जिंकली ना? (छत्रपती संभाजीनगर)

पैसा होता, ते लपवायचं कारण नाही. रिकॉलच्या बाजूनं सुमारे वीस लाख डॉलर जमले. जुने गुंतवणूकदार आर्थर रॉक यांनी एकट्यानं चार लाखांच्या घरात दिले. विरोधकांचा आक्षेप होता की हे तिन्ही सदस्य त्याच नोव्हेंबरात निवडणुकीला सामोरे जाणारच होते, मग नऊ महिन्यांसाठी हा खटाटोप कशाला. तो आक्षेप मला रास्त वाटतो. पण रिकॉल मतपत्रिकेवर यायला प्रत्येक सदस्यामागे ५१ हजारांहून जास्त वैध सह्या लागल्या. मोहीम सुरू केली ती राजकारणात पूर्वी कधी नसलेल्या दोन पालकांनी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. त्यातले एक, शिवा राज, भारतातून गेलेले. पैसा आला तो राग दिसल्यानंतर.

पैसा नेहमी जिंकतो का, हे बघायला लॉस एंजेलिस जास्त उपयोगी आहे. तिथे २०१७ मध्ये बोर्डाच्या तीन जागांवर दीड कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला. चार्टर शाळांचे, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या शाळांचे समर्थक एका बाजूला, शिक्षक संघटना दुसऱ्या बाजूला. बोर्डाचे अध्यक्ष स्टीव्ह झिमर पडले आणि चार्टरवाल्यांचं बहुमत आलं. दोन वर्षंही धड टिकलं नाही ते. त्यांच्यातला एक सदस्य प्रचारनिधीच्या गुन्ह्यात दोषी ठरून गेला, आणि जानेवारी २०१९ च्या शिक्षकांच्या संपानंतर झालेल्या पोटनिवडणुकीत जॅकी गोल्डबर्ग सत्तर टक्क्यांवर मतं घेऊन आल्या.

आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी की त्याच वर्षी जूनमध्ये शाळांसाठी घरजमिनीवर नवा कर लावायचा प्रस्ताव आला, ‘मेझर ईई’. संपात शिक्षकांची बाजू घेणारं शहर, महापौर पाठीशी, संघटना पाठीशी. मंजुरीला दोन तृतीयांश मतं लागत होती. मिळाली ४६ टक्क्यांच्या आसपास. मतदानाला आले जेमतेम बारा टक्के. पुढच्याच वर्षी अध्यक्षीय निवडणुकीबरोबर इमारतींसाठी सात अब्ज डॉलरचे कर्जरोखे मतदानाला आले. त्यांना ५५ टक्के पुरे होते, आणि ७१ टक्के मिळाले. तेच शहर, त्याच शाळा. बदललं ते एवढंच: मतदान कुठल्या दिवशी, किती बहुमताची अट, आणि हातात येणाऱ्या कागदावर ‘कर’ लिहिलंय की ‘इमारत दुरुस्ती’. निधी किती जमला हे विचारण्याआधी मी हे तीन प्रश्न विचारतो.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे, सॅन फ्रान्सिस्कोतच राहतो, मुलगी दुसरीत. ऑफिसमधला सहकारी म्हणाला की नागरिक नसलेले पालकही स्कूल बोर्डासाठी मत देऊ शकतात. खरं आहे का? आणि फ्रीमाँटला राहणाऱ्या माझ्या बहिणीला चालेल का? (सॅन फ्रान्सिस्को)

खरं आहे. पण कृपया उत्तर शेवटपर्यंत वाचा, पहिल्या ओळीवर फॉर्म भरू नका.

नोव्हेंबर २०१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन एन’ सुमारे ५४ टक्क्यांनी मंजूर केलं. त्याआधी २००४ आणि २०१० मध्ये असे प्रस्ताव पडले होते. यानुसार १९ वर्षांखालच्या, शहरात राहणाऱ्या मुलाचे आईवडील, कायदेशीर पालक किंवा सांभाळ करणारे नागरिक नसले तरी फक्त स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत देऊ शकतात. २०१८ पासून ही सोय लागू झाली आणि २०२२ च्या रिकॉललाही होती. जुलै २०२२ मध्ये एका न्यायाधीशांनी हा नियम राज्यघटनेत बसत नाही असा निकाल दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये अपील न्यायालयानं तो फिरवला आणि हक्क कायम केला. नोंदणीचा फॉर्म वेगळा असतो, प्रत्येक निवडणुकीला नव्यानं भरावा लागतो, आणि मतपत्रिकेवर फक्त स्कूल बोर्डाचाच भाग असतो.

तरी या हक्काचा वापर करणारे पालक काही शेकड्यांच्या पलीकडे गेलेले नाहीत, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. शहराचं निवडणूक खातंच फॉर्मसोबत इशारा देतं की तुमचं नाव आणि पत्ता केंद्राच्या स्थलांतर खात्याच्या हाती लागू शकतो. पुढे नागरिकत्वाचा अर्ज भरताना ‘तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, कधी मत दिलं होतं का’ हा प्रश्न असतो. सॅन फ्रान्सिस्कोत तुम्ही कायद्यानुसार मत दिलं असलं, तरी त्या रकान्यात काय लिहायचं हे फॉर्मवरची सूचना नीट वाचून ठरवावं लागेल. आणि चुकून नेहमीच्या मतदार नोंदणीचा फॉर्म भरला गेला, तर प्रकरण फार गंभीर होतं, ग्रीन कार्ड तर दूरच, व्हिसाही धोक्यात येतो. म्हणून स्थलांतराच्या वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका. पाचशे डॉलर फी गेली तरी चालेल.

बहिणीला चालणार नाही. फ्रीमाँट, सनीव्हेल, क्युपर्टिनो यांचे डिस्ट्रिक्ट वेगळे, आणि हा नियम सॅन फ्रान्सिस्कोपुरता आहे. पण बोर्डाच्या बैठकीत उभं राहून बोलायला नागरिकत्व लागत नाही. बैठका खुल्या असतात, कार्यक्रमपत्रिका आधी लावलेली असते, आणि बोलायला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात स्कूलबद्दल तावातावानं बोलणारे किती पालक मी पाहतो. त्यातले दहा जण जरी बोर्डाच्या बैठकीला गेले तर सदस्य वही उघडतात.

गणित आठवीत शिकवायचं की नववीत, यावर म्हणे तिथे मतदान झालं! अभ्यासक्रम मतदानानं ठरवायचा? (नागपूर)

झालं, मार्च २०२४ मध्ये. ‘प्रपोझिशन जी’. २०१४ मध्ये डिस्ट्रिक्टनं आठवीतलं बीजगणित काढून सगळ्यांना नववीत एकत्र सुरुवात करायला लावली होती. हेतू वाईट नव्हता. आठवीतच हुशार आणि मागे पडलेले अशा दोन रांगा लावल्या की दुसऱ्या रांगेत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं जास्त भरत, आणि ती रांग मग शेवटपर्यंत सुटत नसे. पण ज्यांना परवडत होतं त्यांनी खासगी बीजगणिताचे वर्ग लावले, आणि ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्या मुलांपुढचं दार बंद झालं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की प्रगत गणिताच्या वर्गांतली वांशिक दरी या बदलानं फारशी मिटली नाही. मतदारांनी सुमारे ८२ टक्क्यांनी ‘आठवीत परत आणा’ असं सांगितलं. हे मत बंधनकारक नव्हतं, आणि बोर्डानं निर्णय त्याच्या काही आठवडे आधीच घेऊन टाकला होता.

अभ्यासक्रम असा ठरवू नये, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण दहा वर्षं पालक बैठकांत तेच सांगत होते आणि कुणी लिहून घेत नव्हतं. मतपत्रिकेपर्यंत बीजगणित आलं ते त्यामुळे.

रिकॉलनंतर नेमलेले सदस्य निवडून आले का? (पुणे)

तिघांपैकी दोघी. रिकाम्या झालेल्या तीन जागांवर महापौर ब्रीड यांनी अॅन ह्सू, लेनी मोतामेदी आणि लिसा वाइसमन-वॉर्ड यांची नेमणूक केली होती. ह्सू स्वतः रिकॉलच्या चळवळीतून आलेल्या. पण त्या उन्हाळ्यात एका प्रश्नावलीत त्यांनी कृष्णवर्णीय आणि तपकिरी वर्णाच्या घरांमधून मुलांच्या शिक्षणाला पाठबळ कमी मिळतं, अशा अर्थाचं लिहिलं. माफी मागितली, तरी नोव्हेंबरात मतदारांनी त्यांना पाडलं. गॅब्रिएला लोपेझ पुन्हा उभ्या राहिल्या होत्या, त्याही पडल्या. तिसरी जागा अलिडा फिशर यांना मिळाली. शहर उजवीकडे वळलं म्हणणाऱ्या एडिसनच्या ग्रुपला हाही निकाल पाठवायला हरकत नाही.

आपल्याकडे असा परत बोलावण्याचा हक्क का नाही? माझ्या गावच्या शाळेत शिक्षक वेळेवर येत नाहीत, कुणाला सांगायचं? (कोल्हापूर जिल्हा)

थोडासा आहे. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध पंचायत सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमतानं अविश्वास ठराव केला, तरी त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदान व्हावं लागतं. गावच शेवटचा शब्द सांगतं. शाळेसाठी मात्र तुमच्या हातात याहून जवळचं साधन आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठेवायला लावली. त्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामावर देखरेख आणि शाळेचा विकास आराखडा ही कामं कायद्यानंच तिला दिली आहेत.

कागदावर ही समिती जवळपास प्रत्येक शाळेत आहे. तुमच्या शाळेतल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे मुख्याध्यापकांना विचारा. इतिवृत्ताची वही दाखवा म्हणा, पालक म्हणून तुम्हाला ती बघता येते. वहीत बैठक दिसेल आणि तुमच्या शेजाऱ्याची सहीही दिसेल. मग शेजाऱ्याला विचारा, त्या दिवशी तो शाळेत होता का. तिथून पुढचं पत्र मला लिहा, वहीच्या त्या पानाचा फोटो लावून.